साडेदहाला मी नाही म्हणालो

विश्वास कोणावर ठेवाल, मंडळी? सुबक अक्षरात लिहिलेल्या वहीवर, की टेबलावर ठेवलेल्या मालावर? घाई नको, आधी माझं ऐका. मी एक काचेचा खडा बोलतोय. रंग फिकट पिवळा, पोटात एक बुडबुडा, वजन आठ पूर्णांक सात ग्रॅम. कणभरही वाढवून सांगणार नाही.

माझा जन्म कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. शिशाचं ऑक्साइड साडेसहा ग्रॅम, बोरिक ॲसिड साडेतीन, झिंक ऑक्साइड अर्धा. एकूण साडेदहा. तोलणारी मुलगी अशी काटेकोर, की आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायची. वर्ग तिला ‘तोळाबाई’ म्हणे. तिचा जोडीदार ‘उस्ताद’. त्याला सगळंच लवकर उरकायचं असे.

धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, उघड्या मुशीत मला तापवलं. आधी मी असा फसफसलो, की उस्ताद म्हणाला, "काच करतोय की दूध उतू घालवतोय?" पण थेंबही बाहेर पडू दिला नाही मी. मग मधासारखा वाहिलो, गरम पत्र्यावर ओतला गेलो, निवलो आणि काट्यावर चढलो. मी भरलो आठ पूर्णांक सात. मुशीला चिकटून राहिलेलं शून्य पूर्णांक दोन.

"एक पूर्णांक सहा कमी येतंय," तोळाबाई म्हणाली.

"साडेदहा लिहून टाक. वस्तुमान नाहीसं होत नाही, पाठ आहे ना? सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"सगळ्यांनी तोललंय का पण?"

"अगं बाई, गुण आहेत यावर. तुझ्याबरोबर माझेही बुडवशील."

खोटं नव्हतं ते. या प्रयोगात नापास झालं, तर पुढच्या वर्षी रसायनशास्त्र मिळणार नव्हतं, आणि तिला दुसरं काही शिकायचंच नव्हतं. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. शाईचा ठिपका पडला. शेवटी तिने लिहिलं: खडा आणि मुशीतलं मिळून आठ पूर्णांक नऊ.

शिकवणाऱ्या बाईंनी वह्या चाळल्या. "अकरा जोड्यांचं साडेदहा, आणि तुमचंच कमी? कुठे सांडवलंत?"

"सांडलं नाही बाई."

"प्रयोग फसला असं लिही. निम्मे गुण देते."

निम्मे म्हणजे नापास. उस्तादाने तिला कोपराने ढोसलं. ती हलली नाही.

"फसला नाही बाई. हा खडा पुन्हा तोला. आणि बाकीचेही तोला."

मी काट्यावर बसलो. आठ पूर्णांक सात. बाई एकेक खडा चढवत गेल्या. माझे अकरा भाऊ गोरेगोमटे होते, पण नऊच्या पुढे एकही गेला नाही. मुशी तोलल्या, तरी साडेदहाच्या जवळपास कोणी फिरकेना. अकरा वह्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

मग बाईंनी स्वतः चिमूटभर बोरिक ॲसिड नळीत तापवलं. नळीच्या वरच्या थंड भागात थेंब जमले.

"पाणी," बाई म्हणाल्या. "उघड्या मुशीतून वाफ होऊन गेलं. नाहीसं नाही झालं, आपण धरून ठेवलं नाही." त्यांनी गणित मांडलं. दीड ग्रॅम. "आणि उरलेलं शून्य पूर्णांक एक?"

"ते मला माहीत नाही."

"मग तसंच लिही," बाई म्हणाल्या आणि खाली सही केली. पूर्ण गुण. बाकी अकरा जोड्यांना प्रयोग पुन्हा.

बाहेर पडताना उस्ताद म्हणाला, "मी म्हणतच होतो, नीट तोलायला हवं."

तेव्हापासून माझा मुक्काम काट्याच्या खणात. दरवर्षी नवी मुलं आधी मला तोलतात. एखादा हळूच बोट टेकवून नऊ करायला बघतो. बोट उचललं की मी पुन्हा माझ्या आकड्यावर. मला खिडकीत कोणी बसवणार नाही, बाजारात कोणी घेणार नाही. उद्या कचऱ्यात टाका हवं तर. तिथेही आठ पूर्णांक सातच भरेन.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जे भरलं तेच लिहा. जे गेलं, ते गेलं म्हणून लिहा. आणि जे कुठे गेलं ते कळत नाही, त्याच्यासाठीही वहीत एक ओळ ठेवा.