थाळ्यात उरलेला मासा

मी माशाचा थाळा बोलतोय. लांबट, चिनी मातीचा, काठाला निळी रेघ. माझ्या पोटावर एक मासा रंगवलेला आहे आणि त्याचा डोळा अंमळ मोठाच झालाय. चीनमधल्या चाओचोउच्या भट्टीत जी बाई दिवसभर मासे रंगवायची, तिचं लक्ष त्या वेळी शेजारणीच्या गप्पांत होतं. गप्पा खरंच ऐकण्यासारख्या होत्या, त्यामुळे तिच्यावर माझा राग नाही.

भट्टीतून निघालो, पेंढ्यात गुंडाळला गेलो आणि बोटीने सिंगापूरला आलो. नदीकाठच्या भांड्यांच्या दुकानात एका बाईने मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि भाव करून करून दुकानदाराला रडकुंडीला आणलं. ती या घरची थोरली सासू. तिच्यामागे मी तिच्या सुनेकडे, बी गेककडे आलो. बी गेकला आता नातवंडं आहेत, म्हणून घरात सगळेच तिला आमा म्हणतात. मुलगा म्हणतो, सून म्हणते, मीही म्हणतो.

माझं काम वर्षातून एकदाच. चिनी नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी सगळं घर एकत्र जेवायला बसतं, तेव्हा अख्खा वाफवलेला मासा माझ्यावर येतो. त्याला डोकं हवं आणि शेपूटही हवं, म्हणजे वर्ष अर्धवट राहत नाही. आणि तो संपवायचा नसतो. थोडा उरवायचा, म्हणजे येत्या वर्षात घरात काही कमी पडत नाही. उरलेला दुसऱ्या दिवशी खायचा. बाकीचं वर्ष मी टॉवेलात गुंडाळून कपाटावर पडून असतो. एरवी माझ्यावर कुणी संत्रं ठेवलेलंही आमाला खपत नाही, आणि मला घासायचं कामही तिने आजवर दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

थाळ्याला काय कळतं, असं तुम्हाला वाटेल. पण माणसं जेवताना एकमेकांकडे बघतात तेव्हा चेहरे सांभाळून असतात. खाली ताटाकडे बघतात तेव्हा नसतात. ते खालचे चेहरे माझ्या वाट्याला येतात. त्यामुळे गेल्या वर्षी काय झालं ते आमाच्या आधी मला कळलं.

त्याच्या आदल्या वर्षी आमाला मोठा ताप आला होता. ताप उतरला, पण जिभेची चव आणि नाकाचा वास काही परत आला नाही. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मला ठाऊक आहे, कारण स्वयंपाकघरात एकटी असली की ती स्वतःशी बोलते. घरात तिचा शब्द चालतो तो तिच्या हातच्या जेवणामुळे, हे तिला पक्कं माहीत होतं. चव गेल्याचं कळलं की चुलीपासून उठवतील, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवतील आणि समोर टीव्ही लावून देतील, याची तिला धास्ती होती. म्हणून ती आठवणीवर रांधत राहिली. चमच्याने मोजून घालायच्या वस्तू जमून गेल्या. घोटाळा झाला तो माशाचा. त्यात खारवलेली मोहरीची पानं पडतात, आणि ती किती खारट निघतील याचा नेम नसतो. भिजत घालायची, चावून बघायची, पाणी बदलायचं, पुन्हा चावून बघायची. आमाने चावून बघितलं, पण कळलं काहीच नाही.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी रीतीप्रमाणे "आमा, जेवा," म्हटलं आणि पहिला घास घेतला. घेतला आणि सगळे खाली माझ्याकडे बघू लागले. तिचा मुलगा चून कियात शेवंतीच्या चहाचा ग्लास एका दमात प्यायला. कुणी काही बोललं नाही. नव्या वर्षाच्या ताटावर वाईट शब्द काढायचा नाही, हा आमाचाच नियम. जेवण संपलं तेव्हा निम्म्याहून जास्त मासा माझ्यावर तसाच होता.

"अरे वा, यंदा बरंच उरलं की!" आमा खूश होऊन म्हणाली.

"भरभराट होणार, आमा," चून कियात म्हणाला आणि आणखी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी तो मासा आमाने एकटीने खाल्ला. चेहऱ्यावर एक रेषा हलली नाही. दारात तिची सून पुए लेंग उभी होती. ती बघत राहिली आणि निघून गेली. या दोघींचं कधीच फारसं जमलं नाही. पुए लेंगचा भातसुद्धा आमाला कधी पसंत पडला नव्हता.

यंदा नवं वर्ष जवळ आलं तसा चून कियातने विषय काढला. मॉलच्या तळघरातल्या फूड हॉलमध्ये सणाच्या जेवणाची चव घेऊन ऑर्डर देता येते, तर या वेळी सगळं तिथूनच मागवू.

"तुझे गुडघे दुखतात ना, आमा. उगीच कशाला उभं राहायचं?"

"माझे गुडघे मासा शिजवतात का?" आमाने विचारलं.

तरी ती तयार झाली. एका अटीवर. तिने मला कपाटावरून काढायला लावलं, टॉवेलसकट बाजाराच्या चाकांच्या पिशवीत उभं केलं आणि बजावलं, "त्यांचा मासा या थाळ्याइतका भरला तरच ऑर्डर. नाहीतर उलट्या पावली घरी."

अशा रीतीने मी जन्मात पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसलो. तळघरात ही गर्दी! सगळीकडे लाल कंदील, कर्ण्यातून ढोलाची गाणी, आणि फुकटच्या घासासाठी रेशमी ब्लाउजातल्या बायकांची ढकलाढकली. पिशवीच्या तोंडातून माझा काठ आणि माशाचा तो मोठा डोळा तेवढा बाहेर होता. मला पुरेसं दिसत होतं.

काउंटरवर लाल एप्रन घातलेली शू मिन नावाची मुलगी होती. कागदी वाटीतून एकेक घास द्यायची आणि प्रत्येक घासाबरोबर एक आशीर्वादही.

"हे घ्या आंटी, हे सुकवलेलं कालव खाल्लं की धंदा जोरात! हा तांदळाचा चिकट केक, वर्षागणिक बढती! आणि या लांब शेवया, आयुष्य वाढतं!"

"आयुष्य बरंच झालंय," आमा म्हणाली. "धंद्याचं आणखी एक दे."

घास तोंडात टाकला की आमा डोळे बारीक करायची आणि तिरक्या नजरेने चून कियातच्या तोंडाकडे बघायची. त्याच्या मनातलं कधीच तोंडावर आल्यावाचून राहत नाही. त्याच्या भुवया वर गेल्या की आमा म्हणायची, "बरं आहे." त्याने नाक मुरडलं की, "तेल जास्त झालंय." हंड्यात थरावर थर लावून शिजवलेल्या जेवणाला तिने पसंती दिली. यूशेंगची, म्हणजे कच्चा मासा घातलेल्या सणाच्या कोशिंबिरीची पाळी आली, तेव्हा अनोळखी माणसांनीसुद्धा एका परातीभोवती उभं राहून जेवणाच्या काड्यांनी ते सगळं उंच उडवलं. गाजराचा एक कीस माझ्या काठावर येऊन पडला. आमा सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होती. तिला मजा येत होती, हे मला सांगायलाच हवं.

मग आमाने मला बाहेर काढलं आणि खणकन काउंटरवर ठेवलं.

"मासा एवढा आहे का?"

शू मिनने माझ्याकडे बघितलं. "आंटी, आमचा मासा डब्यात येतो. शेपूट मावत नाही, म्हणून आम्ही ते थोडंसं..."

"कापता?"

"थोडंसंच, आंटी."

"मग डबा मोठा करा. वर्षाचं शेपूट कापून घरी नेऊ का मी?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. शू मिनचे कान लाल झाले. "चव तरी बघा, आंटी, मग शेपटाचं बघू," असं म्हणत तिने घाईघाईने वाटीत माशाचा तुकडा घेतला, हाताला लागली त्या बाटलीतला सॉस ओतला आणि वर आलं-कोथिंबिरीचा ढीग रचला. नेमका त्याच वेळी चून कियात भाजलेल्या गोड मांसाच्या चकत्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. आमाने मान वळवली. बघायला चेहराच नव्हता. मागे फक्त पुए लेंग उभी होती.

आमाने घास घेतला. हळूहळू चावला. मग तिने अनुभवी माणसाचं उत्तर दिलं, जे सहसा चुकत नाही.

"मीठ जास्त झालंय."

तेवढ्यात शू मिनची नजर हातातल्या बाटलीवर गेली. "अगं बाई! आंटी, सॉरी, सॉरी! मी यूशेंगचा प्लमचा सॉस घातला यात! गोडमिट्ट लागला असेल ना?"

आमा हलली नाही. शेजारच्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी काउंटरवर पडून होतो, आणि आमा खाली माझ्याकडे बघत होती. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, तापातसुद्धा नाही.

पुए लेंग पुढे आली. तिने आमाच्या हातातली वाटी घेतली, उरलेला तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला.

"खारटच आहे," ती म्हणाली. "आमा बरोबर सांगतायत. बाटली बदल तुझी."

शू मिन बिचारी बोटावर सॉस घेऊन चाटत बसली. पुए लेंगने मला पिशवीत ठेवलं, आमाचा दंड धरला आणि तिला सरकत्या जिन्याशेजारच्या बाकावर नेऊन बसवलं.

"गोड होता ना?" आमाने विचारलं.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"गेल्या वर्षी. उरलेला मासा तुम्ही खाल्लात तेव्हा."

आमाने जरा विचार केला. "म्हणजे तो..."

"समुद्र होता, आमा. नुसता समुद्र."

"आणि मी म्हटलं, बरंच उरलं!" आमाने कपाळावर हात मारला. "मेल्यांनो, एकाला तरी तोंड उघडता आलं नाही?"

"कसं उघडणार? नव्या वर्षाच्या ताटावर वाईट बोलायचं नाही, हा नियम कुणाचा?"

आमाला हसू आलं. मग रडू आलं. तिने रुमाल शोधला, तो सापडला नाही, तेव्हा माझ्या टॉवेलाचं टोक ओढून डोळे पुसले. "मला आता बसवून ठेवणार तुम्ही," ती म्हणाली.

"बसायचंच आहे तुम्हाला," पुए लेंग म्हणाली. "स्वयंपाकघरात, स्टुलावर. मला येत नाही तो मासा. जीभ माझी घ्या, बाकीचं तुम्ही सांगा."

चून कियात चकत्यांची पुडी घेऊन आला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की हंड्यातलं जेवण इथून येईल, मासा घरी होईल.

"पण आमा, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं नाव काढलंस तर बघ," आमा आणि पुए लेंग एकदमच म्हणाल्या. त्याने निमूट पुडी उघडली.

वर्षअखेरच्या दुपारी मी ओट्यावर होतो. आमा स्टुलावर, पुए लेंग मोरीपाशी.

"आता?"

"खारट."

"पाणी बदल. आता?"

"आता बरोबर."

"बरोबर म्हणजे काय? तुझ्या भातासारखं बरोबर? तोंडात आधी काय लागतं ते सांग."

पुए लेंगने पान चावलं. "आधी आंबट. मग खारट. मग... काही नाही."

"काही नाही नको. अजून एकदा भिजव."

असं बराच वेळ चाललं. मध्ये एकदा दोघींचं कडाक्याचं वाजलं, आल्यावरून. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण आमा पूर्वीच्याच आवाजात भांडत होती.

संध्याकाळी मासा आला. माझ्या या काठापासून त्या काठापर्यंत, डोक्यासकट, शेपटासकट. सगळ्यांनी "आमा, जेवा," म्हटलं. पहिला घास गेला. आमाने कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. काड्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. चून कियातने पोटाकडचं मऊ मांस ओढलं, नातवंडांनी पाठ साफ केली, कुणीतरी रस भातावर घेतला. रंगवलेल्या माशाचा मोठा डोळा उघडा पडला तशी आमाने आपल्या काड्या माझ्यावर आडव्या धरल्या.

"अरे थांबा! उरू द्या की रे थोडं! दरिद्री मेले!"

हे ओरडताना ती इतकी सुखात होती की माझा आवाज त्यांना ऐकू जात असता तर मीही तिच्याबरोबर ओरडलो असतो.

शेपटाजवळचा तेवढा तुकडा वाचला.

माझं म्हणाल तर मी आता पुन्हा कपाटावर जाईन. काठाला केसासारखा एक तडा गेलाय, तो कुणाच्या नजरेत आलाय असं मला वाटत नव्हतं; तो मला आणखी किती सण बघू देईल, सांगता येत नाही. तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्याकडे एखाद्या म्हाताऱ्या बाईने रांधलेलं ताटात उरलं, तर रीत म्हणून झाकून ठेवू नका. ते का उरलं, ते कुणीतरी तिला सांगा.

कपाटावर जाण्याआधीची एवढी एकच गोष्ट राहिली. नव्या वर्षाच्या सकाळी तो तुकडा घेऊन दोघी टेबलाशी बसल्या. घर झोपलेलं होतं. आमाने अर्धा घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"सांग," ती म्हणाली.

"आधी आंबट," पुए लेंग म्हणाली. आमाने हळूच चावलं. "मग खारट, पण फार नाही."

"आणि शेवटी?"

"शेवटी जरासं गोड."

आमाने घास गिळला. मग उरलेला अर्धा तुकडा सुनेपुढे सरकवला, तो तिने खाल्ला, आणि आमा म्हणाली, "थाळा तू घास. काठाला जपून, तडा गेलाय तिथे."