सपाट गाव

थॅडियसच्या फुप्फुसांनी दगा दिला तेव्हा आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. आम्ही दक्षिण जॉर्जियातले. तो कागदाच्या गिरणीत होता, मी शाळेच्या स्वयंपाकघरात. गिरणी बंद पडली, मागोमाग गावचं इस्पितळही. दोन तासांवरचा डॉक्टर म्हणाला, "मोठं इस्पितळ असेल तिथे राहायला जा. उशीर करू नका."

आमच्याकडे असं इस्पितळ म्हणजे विद्यापीठाचं शहर. त्या शरद ऋतूत ऑक्सिजनची नळकांडी मागच्या सीटवर टाकून आम्ही तीन शहरं पाहिली.

जॉर्जियातल्याच अथेन्सला गेलो तो नेमका विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याचा शनिवार. रस्ते लाल शर्टांनी तुंबलेले. घर दाखवणारी बाई म्हणाली, "खोल्या चार आहेत. कॉलेजची मुलं किती राहणार?"

"मुलं नाहीत. मी आणि हा म्हातारा," मी म्हणाले. तिचा चेहरा पडला.

टेनेसीतल्या नॉक्सव्हिलवर थॅडियस भाळलाच. खाली नदी, मागे डोंगर, हवा कोरडी आणि गार. एका लहानशा घराच्या ओसरीवर तो बसला तो उठेचना.

"मोझेल, इथे श्वास घेता येतो बघ."

"येतो, कारण तू बसलायस! गाडीपासून इथवर येताना तीनदा थांबलास. रोज हा चढ कोण चढणार, तुझा बाप?"

"बाप वर गेलाय. चढ त्याला जमला," तो हसला आणि खोकत राहिला.

मग फ्लोरिडातलं गेन्सव्हिल. सगळं सपाट, बर्फाचं नाव नाही, इस्पितळ दहा मिनिटांवर. तळमजल्यावर घर मिळालं, वर तीन विद्यार्थिनी. थॅडियसने खिडकीतून ओकच्या झाडांवर लोंबणारं शेवाळ पाहिलं. "तुझं खरं," म्हणाला. तो वाद न घालता ऐकतो तेव्हा त्याच्या मनात नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी सही केली.

हिवाळा बरा गेला. मे महिन्यापासून हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर बसली. दार उघडलं की त्याचा जीव घुसमटायचा. जूनपासून तो घराबाहेर पडला तो फक्त डॉक्टरकडे जायला. दिवसभर एसीखाली बसून वरच्या मुलींच्या पावलांना शिव्या घालायचा. "सपाट गाव आणलंस, आणि डोक्यावर घोडे!"

ऑगस्टमध्ये भर दुपारी वादळ झालं आणि वीज गेली. ऑक्सिजनचं यंत्र थांबलं. मी नळकांडं जोडलं, इस्पितळात फोन केला. वरच्या मुली धावत आल्या. एकीने त्याचं डोकं धरलं, दोघी पडलेली फांदी ओढून रुग्णवाहिकेला वाट करायला गेल्या. आम्ही वेळेत पोचलो. कुणाचं काही चुकलं नाही. नवव्या दिवशी तो गेला.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "डोंगरात असता तर?"

त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "फुप्फुसं संपली होती, मोझेल. कुठेही संपलीच असती."

"पण उन्हाळा तरी बाहेर बसून गेला असता ना?"

त्यांनी उठून खुर्ची परत जागेवर सरकवली. खोटं बोलल्या असत्या तर मला चाललं असतं.

त्याला गावी नेऊन पुरलं. चर्चमध्ये गर्दी होती, नंतर जेवणाला बटाट्याचं सॅलड, तळलेली कोंबडी, सगळं रीतसर. नणंद म्हणाली, "आता ये परत. तिथे तुझं कोण आहे?"

"इथे तरी कोण उरलंय?" मी म्हणाले. तिला ते लागलं. मला माफी मागायची होती, मागितली नाही.

मी गेन्सव्हिलला परतले. विद्यापीठाच्या भोजनगृहात काम मिळालं. पहाटे पाचला जाते, अंडी आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, वाढते. एका मुलीने परवा विचारलं, की मी मूळची इथलीच का? मी हो म्हणाले. समजावत बसायची ताकद नव्हती, आणि तिच्यामागे रांग वाढत चालली होती.