एकतीस मार्चचं ताट

शेपूट तुटलेली एक कोळंबी.

दोरीने बांधलेलं पेन.

लाल झालेलं एक नाक. त्या नाकाच्या मालकाला फक्त छप्पर हवं होतं.

काचेवर उमटलेलं दुसरं एक नाक, दर वर्षी थोडं वर सरकणारं.

भाताचा डोंगर. डोंगराच्या माथ्यावर भोक. भोकात काही नाही.

"कुठेही चालेल."

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच गोष्टीतले आहेत. जरा दम धरा, जोडून दाखवतो.

मी एक जुना नमुना आहे. मुलांच्या ताटाचा नमुना. 'सात बंदरं' नावाच्या थीम पार्कमध्ये 'कप्तानाचं स्वयंपाकघर' आहे, त्याच्या दाराशी काचेचं कपाट आहे, त्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर मी उभा आहे. माझ्या डावीकडे करी-भात, उजवीकडे ऑम्लेटमध्ये गुंडाळलेला भात. आमच्यातला एक घासही कुणाला खाता येणार नाही. आम्ही प्लास्टिकचे आहोत. लोकांनी आम्हाला बघायचं, बोट दाखवायचं आणि आत जाऊन खरं खायचं, एवढंच आमचं काम.

पण मला नुसतं प्लास्टिक म्हणू नका, मला लागतं. डोंगरातल्या एका गावात हिराइवा नावाच्या बाईंनी मला घडवलं. इथल्या स्वयंपाक्याने खरं ताट डब्यात घालून त्यांच्याकडे नेलं होतं. बाईंनी त्यातल्या प्रत्येक जिनसाचा साचा काढला. भाताचा, खिम्याच्या टिक्कीचा, चांदणीसारख्या कापलेल्या गाजराचा, खरवसासारख्या थरथरणाऱ्या पुडिंगचा. मग रंग ओतला आणि मला भट्टीत ठेवलं. म्हणजे मीही शिजलेलो आहे, मित्रांनो! कोळंबीवरचा चुरा तर बाईंनी चिमट्याने कण कण करून चिकटवला. शेवटी भाताच्या टोकावर कागदाचा झेंडा खोवला, त्यावर निळा नांगर. "खाण्यापेक्षा जरा जास्तच चविष्ट दिस हो," असं म्हणून त्यांनी मला कापसात गुंडाळलं.

आणि मी दिसलो! पहिल्याच दिवशी एका पोराने काच चाटली.

ते दिवस भरभराटीचे होते. माझ्यासमोर रोज शंभर कुटुंबं भांडायची. थीम पार्कमध्ये बसून जेवायची जागा निवडणं म्हणजे पाळण्यात बसण्यापेक्षा धाडसाचं काम. कुणाचे पाय दुखतात, कुणाची पाळण्याची वेळ जवळ आलेली असते, कुणाला रांग चालत नाही, कुणाला आपण काय खाणार हे कळल्याशिवाय आत पाऊल टाकवत नाही. काही आजोबा तर आमच्या कपाटासमोर परीक्षेला बसल्यासारखे उभे राहतात.

मग ऊन लागलं. माझा टोमॅटो नारिंगी झाला. एका साफसफाईत कोळंबीची शेपटी तुटली. आणि एका दुपारी भूकंपाने सगळं कपाट हललं. आम्ही कुणी पडलो नाही, पण माझा झेंडा उडाला आणि फळीमागच्या फटीत गेला. ओरिहारा बाईंनी (दाराशी उभं राहून पाहुण्यांची नावं पुकारायचं काम त्यांचं, आमची काच पुसायचं कामही त्यांचंच) पट्टी घालून तो शोधला. नाही मिळाला. तेव्हापासून माझ्या डोंगरावर नुसतं भोक होतं. नवा झेंडा लावू, असं म्हणता म्हणता राहून गेलं. जी वस्तू रोज दिसते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

एक जण बघायची.

तिचं नाव नागिसा. कुझुमींची मुलगी. मार्चच्या शेवटी शाळांना सुट्टी लागली की हे कुटुंब वर्षातून एकदा इथे यायचं. पहिल्यांदा आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिने काचेला नाक लावलं आणि माझ्यातलं सगळं मोजलं. "एक कोळंबी. एक टिक्की. तीन गाजरं. एक झेंडा." मग बाबागाडीतलं बाळ रडायला लागलं आणि आई म्हणाली, "आता बसून कसलं खाताय, उभ्यानेच काहीतरी पोटात टाकू."

"पुढच्या वर्षी," नागिसा मला म्हणाली.

पुढच्या वर्षी ती गरगर फिरणाऱ्या कपात बसून आली आणि आमच्या पायरीवरच ओकली.

एक वर्ष पार्कच बंद होता. काचेवर कुणाचंच नाक नाही.

एकदा ओरिहारा बाईंनी माझ्यासमोर 'संपलं' अशी पाटी नुकतीच ठेवली होती.

तीनदा बाबांना नूडल्स खायचे होते.

दर वेळी नाक थोडं वर. दर वेळी "पुढच्या वर्षी".

मित्रांनो, माझ्या शेजारी एक छोटी पाटी आहे, ती मी अजून तुम्हाला वाचून दाखवली नाही.

*मुलांचं ताट. फक्त प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांसाठी.*

आमच्याकडे प्राथमिक शाळा सहा वर्षांची. निरोप समारंभ मार्चच्या मध्याला होतो, पण हिशेबाने मूल एकतीस मार्चपर्यंत प्राथमिकचं. एक एप्रिलला ते माध्यमिकचं झालं. त्याच्यासाठी हे ताट बंद.

आता ऐका. गेल्या वर्षीची एकतीस मार्च. दुपारचे बारा. नागिसा बारा वर्षांची.

कुझुमी मंडळी कपाटासमोर येऊन उभी राहिली. बाबा शिंकत होते. या दिवसांत देवदाराचे परागकण हवेत उडतात आणि अर्धा देश नाक पुसत फिरतो.

"मला छप्पर हवंय," बाबा म्हणाले. "खुर्ची हवीय. दार बंद होणारी जागा हवीय. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

आईने नकाशा उघडला. "बसून जेवायच्या जागा तीन. तळ्याकाठचे नूडल्स, टेकडीवरचं भाजलेलं मांस आणि हे. दोन वाजता 'वादळी जहाजा'त आपली वेळ आहे. त्याच्या आत उठायचं."

"मांस! मांस! मांस!" हा इकुमा. एके काळी बाबागाडीत रडणारं ते बाळ, आता सात वर्षांचं.

"पैलवान व्हायचंय का तुला?"

"हो!"

"दगड-कात्री-कागद करा," बाबा रुमालातून बोलले. "जिंकेल त्याचं ऐकायचं. कुरकुर नाही."

चार हात पुढे आले. तीन कागद. एक कात्री.

कात्री नागिसाची!

मित्रांनो, मला हृदय नाही, पण माझं पुडिंग थरथरलं असं मला आजही वाटतं. सात वर्षं! आणि आज तिच्या हातात निवड! बोल, पोरी, बोल!

नागिसाने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. मग आपल्या भावाकडे, जो आतापासूनच दात काढून हसायच्या तयारीत होता.

"कुठेही चालेल," ती म्हणाली.

"मग नूडल्स," आई म्हणाली. "गरम सूप तुझ्या बाबांच्या नाकाला बरं." आणि चौघंही निघून गेली.

हे कसलं बोलणं? मी काचेमागे जन्म काढला म्हणून मला माहीत आहे, 'कुठेही चालेल' म्हणणाऱ्याला नेहमी एकच जागा हवी असते.

ओरिहारा बाई आल्या. त्यांनी माझ्यासमोर नवी चिठ्ठी ठेवली.

*आज शिल्लक : ७*

काही वेळाने :

*आज शिल्लक : ५*

आणि तेवढ्यात समोरच्या पुलावरून इकुमा धावत आला.

"तिकडे दीड तास रांग आहे! दीड तास थांबलो तर मी मरेन!"

"दीड तासात कुणी मरत नाही," मागून आई.

"मी मरेन. मग रडाल."

"टेकडीवर सव्वा तास," बाबा मोबाइलमध्ये बघून म्हणाले आणि तीनदा शिंकले. "इथे चाळीस मिनिटं. बस, ठरलं."

ठरलं! दाराशी एक कागद असतो, त्याला दोरीने पेन बांधलेलं असतं. बाबांनी पेन उचललं.

*नाव : कुझुमी*
*मोठी माणसं : ३*
*लहान मुलं : १*

नागिसा बाबांच्या कोपराजवळ उभी होती. तिने तो तीनचा आकडा पाहिला. बाबांनी तो मोठ्या झोकात काढला होता. काढून झाल्यावर तिच्याकडे बघून डोळाही मिचकावला. माणूस लेकीचा मान राखत होता, मित्रांनो. त्यांचं काय चुकलं?

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता तिला वाकावं लागत होतं.

"ताई," इकुमा शेजारी येऊन म्हणाला, "मी हे घेणार. झेंडावालं."

"याला झेंडा कुठाय?"

"आत असतो, वेडे. तू काय घेणार? म्हाताऱ्यांची करी?"

"गप रे."

"म्हातारी, म्हातारी, कुझुमी म्हातारी."

*आज शिल्लक : ४*

एक कुटुंब आत गेलं. दोन जुळ्या मुली उड्या मारत गेल्या.

*आज शिल्लक : २*

यानंतर फक्त एक नाव, मग कुझुमी. त्या कुटुंबाचा पोरगा कडेवर होता, खाण्याच्या वयाचा होता की नाही हे मला कळेना. मी काचेतून त्याचे दात मोजायचा प्रयत्न केला. चार होते. सुटलो! त्यांनी सोबत बाळाचा डबा आणला होता.

दार उघडलं. ओरिहारा बाईंनी कागद डोळ्यांपुढे धरला.

"कुझुमी मंडळी! मोठे तीन, लहान एक! या, या, आपली वाट बघत होतो!"

आईने पिशव्या उचलल्या. बाबा उठले. इकुमा आधीच दारात. नागिसा मात्र जागची हलली नाही.

"नागिसा, चल."

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"कागदावर." तिचे कान लाल झाले होते, बाबांच्या नाकापेक्षा लाल. "मोठे दोन. लहान दोन. आज एकतीस मार्च आहे."

बाबांनी नाकावरचा रुमाल काढला. "अगं, सकाळी गाडीत तूच म्हणालीस ना, आता मला पोरांत मोजू नका म्हणून?"

"ते गाडीत."

"आणि इथे?"

"इथे मला भूक लागलीय."

आईने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग लेकीकडे. काचेवर ताजा ठसा होता. तिला बहुधा जुने ठसेही आठवले. "अय्या," एवढंच ती म्हणाली, आणि बाबांना कोपर मारलं. "पेन घ्या. दुरुस्त करा."

बाबांनी पेन घेतलं. आमच्याकडे चूक गिरवत नाहीत. तीनवर दोन सरळ रेघा, बाजूला दोनचा आकडा. एकवर दोन रेघा, बाजूला दोन.

ओरिहारा बाई कमरेत वाकल्या. "माफ करा. मी चुकीचं पुकारलं. पुन्हा पुकारते." आणि छाती भरून, रांगेतल्या सगळ्यांना, करी-भाताला, ऑम्लेटला, तळ्यापलीकडच्या नूडल्सवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात :

"कुझुमी मंडळी! मोठे दोन! लहान दोन!"

माध्यमिकच्या गणवेशातली दोन मुलं वळून बघायला लागली. नागिसा मान वर ठेवून त्यांच्यासमोरून आत गेली.

*आज शिल्लक : ०*

आतलं मला काही दिसत नाही, मित्रांनो. जे ताट मी दाखवतो, ते खाणारा माणूस मी कधी पाहिलेला नाही. पाऊण तास मी दाराकडे डोळे लावून होतो. (डोळेही नाहीत. असू दे.)

शेवटी ती बाहेर आली. हातात कागदी झेंडा, निळा नांगर. इकुमाच्या हातातही तसाच.

"कसं होतं?" ओरिहारा बाईंनी विचारलं.

नागिसाने जरा विचार केला. "कोळंबी एकच होती."

"एकच असते."

"माहीत आहे. मी मोजलं होतं. पण खाताना कमी वाटली. मग बाबांची अर्धी करी खाल्ली." ती हसली. "पुडिंग मात्र अगदी याच्यासारखंच."

याच्यासारखंच! म्हणजे माझ्यासारखं! मित्रांनो, वीस वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालं नव्हतं.

मग ती वाकली. "याचा झेंडा कधी लावणार?"

ओरिहारा बाई ओशाळल्या. "पडला भूकंपात. राहूनच गेलं बघ."

नागिसाने हातातल्या झेंड्याकडे पाहिलं. सात वर्षं वाट बघून मिळालेला झेंडा. तिची बोटं तो पुढे करायला लागली आणि मध्येच थांबली. मी मनात म्हणत होतो, नको, देऊ नकोस, ठेव तुझ्याकडे.

"थांब, ताई," इकुमा म्हणाला. "तुझा तू ठेव. याला माझा दे. मला काय, मी पुढच्या वर्षी परत खाणार, त्याच्या पुढच्या वर्षी परत, त्याच्या पुढच्या..."

"कळलं!"

"तू मात्र नाही. म्हातारी!"

नागिसाने त्याच्या डोक्यात टपली मारली. मग ओरिहारा बाईंनी किल्लीने कपाट उघडलं आणि इकुमाचा झेंडा माझ्या डोंगराच्या भोकात बसवला. जरा वाकडा. एका कडेला केचप. 'वादळी जहाजा'ची वेळ झाली म्हणून चौघंही पळत सुटली, बाबा शिंकत सगळ्यांत मागे.

तो झेंडा अजून आहे. वाकडाच आहे. आता ओरिहारा बाई रोज काच पुसताना त्याच्याकडे एकदा बघतात.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. रोज दिसणाऱ्या वस्तूकडे महिन्यातून एकदा तरी नीट बघा. तिचं काय हरवलंय ते तिला सांगता येत नाही. आणि तुमच्या घरात कुणी 'कुठेही चालेल' म्हणालं, तर त्याला आणखी एकदा विचारा.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला, फाटकावरच्या खिडकीत, बाबांनी तिकिटं घेतली होती मोठी दोन आणि लहान दोन.