शेकोटीची पाठ

रेमंडने पहार फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला, तशी इतकी वर्षं भिंतीत बसलेली लोखंडी जाळी कुरकुरत बाहेर आली. पाठोपाठ घमेलंभर काजळी खाली अंथरलेल्या जुन्या चादरीवर सांडली. हिल्डा चहाचा कप हातात धरून दाराशी उभी होती.

"आई, लांब हो. पांढरे केस काळे होतील."

"फुकटात होत असतील तर होऊ देत."

रेमंड हसला. पंचेचाळिशीचा हा मुलगा लीड्सला सुतारकाम करायचा आणि आईच्या घराचं काही निघालं की स्वतःच हत्यारं घेऊन यायचा. आता तर नगरपालिकेचंच पत्र आलं होतं. पुढच्या वसंतापर्यंत गावात कुणाच्याही धुराड्यातून कोळशाचा धूर निघता कामा नये. मग कोळशाच्या शेकोटीच्या जागी विजेची शेगडी बसवायची, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्यातून हिल्डाची कंबर गेलेली. मागच्या अंगणातून कोळशाची बादली आणताना ती दोनदा पडली होती, आणि दोन्ही वेळा ते तिने मुलाला सांगितलं नव्हतं.

नवी शेगडी खोक्यातून निघून टेबलावर बसली होती. प्लॅस्टिकचे कोळसे, त्यांच्याखाली लाल दिवा, आणि दिव्यावर फिरणारं एक टिचभर पातं, म्हणजे निखारे फुलल्यासारखे वाटावेत. हिल्डाने सकाळी ती लावून पाहिली होती. तिला खोटे दात आठवले होते.

"मागची भिंत तशीच ठेवलीस तर?" ती म्हणाली.

"कशाला? धुराड्यातून वारा येईल. जाडजूड गादी कोंबतो आत, त्यावर फळी, त्यावर गिलावा. मग बघ कशी ऊब टिकते."

"थोडीशी ठेवायची. हातभर."

"हातभर कशाला हवीय तुला?"

याचं उत्तर हिल्डाकडे होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. तिने कप खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "काही नाही. तुझं चालू दे."

त्या गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून, ओळीने बसलेली होती. हिल्डाच्या शेकोटीची पाठ म्हणजेच शेजारच्या नोराच्या शेकोटीची पाठ. मध्ये काय ती एक वीट. निखारे उकरायच्या सळईने पाठीवर ठोकलं की पलीकडे खणखणीत ऐकू जायचं. दोन ठोके म्हणजे चहा टाकलाय, ये. तीन म्हणजे काम टाक आणि धावत ये. रेमंडचा जन्म तीन ठोक्यांवर झाला होता. सुईण येईपर्यंत नोराच हिल्डाच्या उशाशी होती, आणि नोराचा नवरा गिरणीत अपघाताने दगावला तेव्हाही आधी भिंत वाजली होती, मग रडणं ऐकू आलं होतं.

आणि अशा या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण ऐकाल तर हसाल. हिल्डाचा नवरा हॅरल्ड गेला, तेव्हा मयताला आलेल्यांना तिने डबाबंद, स्वस्तातलं मांस वाढलं. त्या गल्लीत उकडलेल्या हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, जाड काप वाढले तरच माणसाला रीतसर पोचवलं असं धरत. दोन वर्षांच्या आजारपणाने घर धुऊन नेलं होतं, ते नोराला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरीही ताटलीवर नजर टाकून ती कुणालातरी म्हणाली, "हॅरल्डला हॅम मिळायला हवं होतं." हिल्डा तिच्या मागेच उभी होती.

नोरा कदाचित हॅरल्डच्या मायेपोटी बोलली असेल. अकरा वर्षांत हिल्डाच्या मनात हे अनेकदा आलं होतं आणि अनेकदा तिने ते झटकून टाकलं होतं. त्या दिवसापासून तिने नोराच्या बाजूला मान वळवली नाही. अंगणात कपडे वाळत घालतानासुद्धा ती पाठ करून उभी राहायची.

एक गोष्ट मात्र थांबली नाही. सकाळी साडेसहाला नोरा राख काढायची, आणि राख काढून झाली की सळईचे दोन ठोके पाठीवर पडायचे. सळईला चिकटलेली राख झाडायला कुणीही ठोकतं. त्यावर हिल्डासुद्धा आपली सळई झाडायची. दोनदाच. कुणी विचारलं असतं तर दोघींनी शपथेवर सांगितलं असतं की राखच झाडत होतो. पण ताप असला तरी हिल्डा त्या वेळी उठायची, आणि ठोके वाजेपर्यंत तिला चहा गोड लागायचा नाही.

म्हणून तिने रेमंडला बुधवारीच ये म्हणून सांगितलं होतं. बुधवारी नोरा बहिणीकडे हॅलिफॅक्सला जायची, ती संध्याकाळच्या बसने परतायची. तेवढ्यात सगळी तोडफोड उरकणार होती. जाळी उखडल्याचा आवाज नोराने ऐकावा, हे तिला सोसणार नव्हतं.

चारच्या सुमाराला भिंत सपाट झाली. रेमंडने भंगार गाडीत भरलं, शेगडीचं बटण दाबलं आणि हात पुसत मागे सरला. पातं फिरू लागलं.

"कशी आहे?"

"उबदार आहे," हिल्डा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

"आता राख नाही, काजळी नाही, बादली नाही. राणीसारखी बस."

"बसते हो बाबा. काम काय उरलंय दुसरं?"

मुलगा गेल्यावर तिने बोटाने भिंतीवर टकटक केली. मग उलथन्याने केली. गादी सगळा आवाज गिळून टाकत होती.

सकाळी ती सहालाच उठून शेगडीसमोर बसली. साडेसहाला पलीकडून ठोके आले. दबलेले, पण आले. टक, टक. हिल्डाने उलथनं उचललं आणि भिंतीवर मारलं. गादीवर चापट मारावी तसा आवाज झाला. ती थांबली. पलीकडे शांतता होती. थोड्या वेळाने पुन्हा दोन ठोके आले, आधीपेक्षा जोरात. हिल्डाने आता दोन्ही मुठी भिंतीवर आपटल्या. ओल्या गिलाव्यात बोटं रुतली, बाकी काही झालं नाही.

मग तीन ठोके आले.

अकरा वर्षांत तीन ठोके पडले नव्हते. ते संपतात न संपतात तोच पुन्हा तीन आले, आणि परत तीन, घाईघाईने, एकात एक गुंतलेले. नोराला पलीकडे काय वाटत असेल ते तिला स्पष्ट कळलं, आणि इतकी वर्षं जपलेला राग शोधायला तिच्याकडे वेळ उरला नाही. रात्रीच्या झग्यावर कोट चढवून, घरातल्या सपातांसकट ती बाहेर पडली. नोराच्या दारापर्यंत सात पावलं होती. तिने मुठीने दार वाजवलं.

दार झटक्यात उघडलं. नोरा पुढ्यात उभी होती, हातात सळई, डोक्यावर केसांची जाळी. ती वाळली होती. हिल्डा आठवत होती त्यापेक्षा अर्धी झाली होती.

"मेले नाहीये मी," हिल्डा म्हणाली.

नोराने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दिसतंय ते," ती म्हणाली. "आत ये. गल्लीला तमाशा नको."

हिल्डा आत गेली आणि बोलतच राहिली, कारण थांबली असती तर बोलता आलं नसतं. "रेमंडने काल शेकोटी काढली. मी म्हटलं होतं त्याला थोडी भिंत ठेव म्हणून, पण तो ऐकतोय होय. मी ठोकत होते गं. तुला ऐकूच येईना. मी शेकोटी काढली नसती, पण ते पत्र आलं, आणि ही कंबर…"

तिची नजर समोरच्या भिंतीकडे गेली. नोराच्या खोलीतही शेकोटी नव्हती. तिथे विजेची शेगडी होती, तसेच प्लॅस्टिकचे कोळसे, तसाच लाल दिवा. शेगडी भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली होती. मागे फुलाफुलांचा कागद फाडून आणि गिलावा खरवडून बशीएवढी वीट उघडी केलेली होती. विटेला मधोमध खळगा पडला होता.

"कधी बसवलीस?" हिल्डाने विचारलं.

"ऑगस्टात. तू मोरकॅमला सुट्टीवर गेली होतीस तेव्हा."

"हा जानेवारी आहे, नोरा."

"माहितेय मला कुठला महिना ते."

"आणि रोज सकाळी?"

"शेगडी ओढायची, ठोकायचं, परत सरकवायची. भाचा म्हणतो मावशीला वेड लागलंय." नोराने खिडकीबाहेर पाहिलं. "तुला कळलं तर तू ठोकायची बंद होशील, असं वाटलं."

हिल्डाने पुढे होऊन तिच्या हातातली सळई काढून घेतली. खुर्चीचा आधार घेत, कंबर सांभाळत, ती त्या उघड्या विटेसमोर गुडघ्यांवर बसली. पलीकडे तिचं स्वतःचं घर होतं, आणि त्यात कुणी नव्हतं. तिने दोनदा ठोकलं.

दोघी कान देऊन राहिल्या. पलीकडून काहीच आलं नाही.

"आज सकाळी," नोरा हळूच म्हणाली, "मला असंच ऐकू येत होतं."