शून्याचे दोन अर्थ

खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन उशा, पाण्याच्या तीन बाटल्या, चार पायांचा एक वॉकर, बारावीच्या कंपासपेटीतला एक कोनमापक आणि माझ्या डाव्या मनगटावर पावलं मोजणारा एक पट्टा. पूर्ण वजन पेलणारा पाय एकच, उजवा. डाव्या गुडघ्याखालचं हाड दहा आठवड्यांपूर्वी फुटलं होतं. हिंगण्याच्या ज्या कंपनीत मी प्रयोगशाळेत काम करते, तिथून दुसरी पाळी संपवून परतताना माझी स्कूटर गिट्टीवर घसरली. आत आता प्लेट आहे आणि सहा स्क्रू.

पट्टा रोज शून्य दाखवायचा. आधी वाटलं बिघडला. पलंगापासून खिडकीपर्यंत आणि परत अशा माझ्या दिवसभर फेऱ्या चालायच्या, तरी शून्य. मग कारण लक्षात आलं. पट्टा पाय मोजतच नाही, हाताचा झोका मोजतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज करतो. वॉकर धरलेला हात झुलत नाही. पट्टा घोट्याला बांधला असता तर आकडे आले असते. मी तो मनगटावरच ठेवला.

कारण अ‍ॅपमध्ये दोन नावं होती. वर माझं, नंदिनी. त्याखाली बाबा. पहिल्या पगारात मी दोन पट्टे घेतले होते. दुसरा उमरेडला बाबांना दिला. ते कोळसा खाणीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. पुढे आई गेली. वर्षाच्या आत बाबांनी माझ्यासाठी स्थळ ठरवलं, मी नाही म्हटलं आणि नंदनवन वस्तीत ही खोली घेतली. निघताना ते म्हणाले, "जाते त जाय. पण मंग मले फोन नको करू." दोन वर्षं झाली, मी केला नाही. अ‍ॅपमधलं एकमेकांचं नाव मात्र कोणीच काढलं नाही.

बाबांचा आकडा रोज संध्याकाळी सातच्या सुमारास यायचा. दोन हजार शंभर, दोन हजार तीनशे. त्याखाली बारीक अक्षरात शेवटच्या अपडेटची वेळ. पडल्यापडल्या मी अ‍ॅपचं मदतीचं पान वाचून काढलं. पट्ट्यातला आकडा आपोआप फोनमध्ये उतरत नाही. ज्याचा पट्टा त्याने अ‍ॅप उघडलं तरच उतरतो. म्हणजे बाबा रोज सात वाजता अ‍ॅप उघडत होते. उघडलं की आधी स्वतःचा आकडा दिसतो, मग खाली दुसऱ्याचा. म्हणजे दहा आठवडे ते माझं शून्य पाहत होते.

शून्याचे दोन अर्थ होतात. एक, माणूस चालत नाही. दोन, त्याने पट्टा काढून ठेवला आहे. नुसत्या आकड्यावरून फरक कळत नाही, विचारावं लागतं. ते विचारतात का, हे मी पाहत होते.

आता शुक्रवार जवळ आला होता. शुक्रवारी गुडघा नव्वद अंश वाकला नाही, तर डॉक्टर भूल देऊन तो वाकवणार होते. त्यासाठी नातेवाइकाची सही लागते. मागच्या वेळी कंपनीच्या सुपरवायझरने केली होती. या वेळी काउंटरवरच्या बाईंनी बजावलं होतं, "घरचं कोणी आणा." घरचं माझं एकच माणूस. म्हणजे गुडघा नव्वदच्या खाली राहिला, तर बाबांना फोन करावाच लागला असता. फोन करायला कारण मिळालं असतं.

माझं मी वाकवून त्र्याऐंशी होत होते. पुढचे अंश दुसऱ्याच्या हातानेच येतात, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी खालच्या घरमालकीण रुखमाबाई जिना चढून आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काहून वं, आवाज बंद झाला वॉकरचा? मले वाटलं गेली का काय गावाले."

"तुमीच म्हटलं ना काकू, डोक्यावर टकटक होते. नवे रबर लावले."

"म्हटलं होतं. आता टकटक नाही त दुपारची झोप नाही लागून राहिली."

मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं आणि माझा घोटा धरून मागे दाबायला सांगितलं.

"किती दाबू?"

"मी बस म्हणेन तोवर."

"तू त हात लावाच्या आधीच तोंड करून राहिली."

त्यांनी दाबलं. मी कोनमापक लावला. एकोणऐंशी. एकटीपेक्षा चार कमी. मांडी आपोआप दगडासारखी झाली होती. सैल हो म्हटलं तरी होईना. दवाखान्यातली माणसं सोडली, तर दहा आठवड्यांत मला कोणी हात लावला नव्हता. बहुतेक स्नायूला दुसऱ्याचा हात ओळखायला वेळ लागत असावा.

"गावाले माह्याकडे तीन म्हशी होत्या," रुखमाबाई म्हणाल्या. "पाय धरला की अशाच आखडत. मंग मी बोलत राहो त्याईच्याशी."

"काय बोलायच्या?"

"काहीबी. तुह्या बापाले ठाव आहे का हे पायाचं?"

"नाही."

"काहून?"

"त्यांनी म्हटलं होतं, फोन नको करू."

"अन् तू त्याले म्हटलं का, तू मले नको करू म्हून?"

"नाही."

"मंग तो काहून नाही करत?"

मी उत्तर शोधत राहिले आणि मांडीवरचं लक्ष सुटलं. कोनमापक पुन्हा लावला, तर एकोणनव्वद.

"बस का?"

"बस."

दुसऱ्या दिवशी त्या नातवाच्या बारशाला वर्ध्याला गेल्या. खाली कुलूप लागलं. दोन दिवस मी ओढणीने पाय ओढत राहिले.

शुक्रवारी काउंटरवर विचारलं, "सोबत कोण?"

"कोणी नाही."

डॉक्टरांनी टाच हातात घेतली. "ढिलं सोडा." मांडी आखडली की गुडघा नव्वदच्या आत थांबतो, हे मला माहीत होतं. थोडीशी आखडली असती तरी पुरलं असतं. बाबा उमरेडहून एसटीने आले असते. काउंटरवर चष्मा काढून, कागद लांब धरून सही केली असती. मग मला भूल दिली असती. शुद्धीवर येईपर्यंत ते थांबले असते का, हे मला ठरवता येईना. ते सहीसाठी आले असते.

मी मांडी सोडली.

"ब्याण्णव," डॉक्टर म्हणाले. "भुलीची गरज नाही. वॉकर सोडा, काठी घ्या. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात."

औषधाच्या दुकानातून काठी घेतली. ती उजव्या हातात आली, डावा हात मोकळा झाला. दुकानापासून रिक्षापर्यंत, फाटकापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून खोलीपर्यंत तो अंगाशी सैल हलत होता. इतक्या दिवसांनी तो जरा परका वाटला.

संध्याकाळी साडेसहाला अ‍ॅप उघडलं. नंदिनी: ४१२. सातनंतर बाबांचा आकडा वेळेवर आला. २,१४०, शेवटचं अपडेट ७:०६. या दहा आठवड्यांत त्यांनी एका संध्याकाळी दोनदा अ‍ॅप कधी उघडलं नव्हतं.

मी खिचडी टाकली, जेवले, ताट धुतलं. नऊ वाजता पुन्हा फोन हातात घेतला.

नंदिनी: ४३०.

बाबा: २,१४०. शेवटचं अपडेट ८:५२.