मी तराजू, आणि मी खोटं बोललो

मी एक जुना तराजू आहे. भाजीवाल्याचा नव्हे, सोनाराचा तर नव्हेच. मित्रांनो, मी तेलविहिरीवर गाळ तोलतो.

विहीर खणताना तिच्यात दाट, वजनदार गाळ फिरवत ठेवतात. त्याच्या भाराखाली जमिनीतला वायू दबून राहतो. गाळ हलका पडला की वायू वर उसळतो. मग एक ठिणगी पुरते, आणि माणसं जळतात. म्हणून मी. एका टोकाला झाकणाची वाटी, पुढे आकड्यांची दांडी, दांडीवर सरकतं वजन. पाणी तोललं तर मी एक दाखवायचं, आमचा गाळ तोलला तर एक पूर्णांक तीस. सगळे नुसतं 'एक तीस' म्हणत.

कारखान्यातून आलो तेव्हा चकाकत होतो. विहीर खणणारे ड्रिलर मला पोटच्या पोरासारखं जपायचे. पाहुण्यांना दाखवायचे, "हा कधी खोटं बोलत नाही." मीही फुगलो. पुढे कौतुक तेवढं राहिलं, फडकं गेलं. तोलून झालं की मला बरबटलेला तसाच फळीवर फेकायचे. वाटीच्या तळाशी गाळ वाळून दगड झाला. कौतुकाला सगळ्यांची तोंडं मोकळी होती, पुसायला कुणाचा हात रिकामा नव्हता म्हणे!

मग मुख्य ड्रिलरची सून आमच्याच विहिरीवर इंजिनियर म्हणून आली. तिने गाळाच्या नळीवर एक यंत्र बसवलं. दर मिनिटाला गाळाचं वजन नि दाटपणा आपोआप मोजून पडद्यावर दाखवणारं. सासरे हसले. "सूनबाई, तुझा डबा पंख्याखाली ठेव, घाम फुटेल त्याला."

एका दुपारी डबा म्हणाला, एक चोवीस.

सासऱ्यांनी मला उचललं, गाळ भरला, तोललं. मी म्हणालो, एक तीस.

"बघ! डबा बिघडलाय. चालू द्या रे खणणं!"

विहिरीच्या तोंडावरच्या मचाणावर अकरा माणसं काम करत होती. सूनबाई सासऱ्यांना आडवी उभी राहिली.

"बाबा, थांबवा. आधी यात नुसतं पाणी तोला."

"पाणी? इथे विहीर खोळंबलीय आणि तुला पाणी तोलायचंय?"

"तुमचा लाडका खरा असेल तर एक दाखवेल. मग मी स्वतः डबा उपटून फेकते."

त्यांनी कुरकुरत खणणं थांबवलं. पाणी भरलं.

एक पूर्णांक शून्य सहा.

साधं पाणी मला तोलता आलं नाही! त्या वाळलेल्या दगडाचं वजन मी प्रत्येक आकड्यात मिसळत होतो, छाती पुढे काढून. तिने चमच्याच्या दांड्याने माझा तळ खरवडला, मला धुतलं, पुसलं. पुन्हा पाणी: बरोबर एक. पुन्हा गाळ: एक चोवीस.

सासरे धावले. त्यांनी विहिरीचं तोंड बंद केलं आणि दाबाचा काटा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चढत गेला. वायू खरंच आत शिरला होता! मग जड गाळ सोडून तो हळूहळू, ताब्यात ठेवून बाहेर काढला. संध्याकाळी अकराच्या अकरा माणसं आपल्या पायांनी खाली उतरली, टाळ्या वाजवत.

सासऱ्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "आजपासून डबा म्हणायचं नाही कुणी. आणि सूनबाई थांबा म्हणाली की आधी थांबायचं, भांडायचं ते नंतर."

"नंतर तरी कशाला?" ती म्हणाली, आणि सगळे हसले.

मी अजून कामावर आहे. दर पाळीला मला धुतात, पाणी तोलतात, मग यंत्राशी माझा आकडा ताडून बघतात. जुळतो, दरवेळी जुळतो! मित्रांनो, जुन्यावर विश्वास खुशाल ठेवा. पण आधी त्याला धुऊन घ्या.