रस्त्यापलीकडून दिसणारा चेहरा

"घासू नका हो, थोपटा. भिंत नाहीये ही."

पेंटरने बोट मागे घेतलं. चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पण बायकोच्या गालाला रंग लावायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. आठ महिन्यांपूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यात तिचा उजवा हात गेला, ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला, आणि तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. आज चार वाजता टेलिफोन ऑफिसातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी भेटणार होत्या. "चेहरा जमला तर जाईन, नाहीतर नाही," असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. त्यात धुळीचे कण इतके सावकाश तरंगत होते, की सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटावी.

"क्रीम झालं. आता?"

"आता थांबायचं. मुरू द्या."

"म्हणजे आमचा प्रायमर."

"असेल. मग ते बाटलीतलं फाउंडेशन, वाटाण्याएवढं. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. ठिपके द्यायचे आणि कानापर्यंत पसरवत न्यायचं. गळा विसरू नका, नाहीतर मुखवटा दिसतो."

ती सांगेल तसं तो करत गेला. पावडर झाली. काजळाची रेघ त्याने श्वास रोखून एका दमात ओढली. मग लाली. सवयीने तो दारापर्यंत मागे गेला, एक डोळा मिटून पाहिलं, आणि परत येऊन लाली गडद केली. असं तीनदा झालं. मग त्याने आरसा तिच्यासमोर धरला.

तिने मान वळवून दोन्ही गाल पाहिले.

"अहो, मी काय दुकान आहे?"

तो चरकला. पाटी रस्त्यापलीकडून वाचता आली पाहिजे, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याच अंदाजाने त्याने रंग चढवला होता.

"लांबून छान दिसतंय," तो चाचरत म्हणाला.

"त्या काय लांबून बघणारेत? गळ्यातच पडतील मेल्या."

ओल्या कापसाने सगळं पुसलं. या वेळी त्याने स्टूल ओढलं आणि गुडघ्याला गुडघा लावून बसला. इतक्या जवळून तिचा चेहरा किती वर्षांत पाहिला नव्हता, कोण जाणे. भुवईत एक बारीकसा व्रण होता.

"हा कधीचा?"

"लग्नाआधीचा. लवकर दिसला."

मग त्याने सगळं पुन्हा, या वेळी हलक्या हाताने लावलं. उरले ओठ. डावी बाजू सहज झाली. उजवीकडे येताना ब्रश हवेतच थांबला. तो कोपरा पूर्वी कुठे होता, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"वर घेऊ का? जुन्या जागी बसवतो. कुणाला कळायचं नाही."

पडदा फुगला, पुन्हा बसला.

"बोलायला लागले की रंग वर राहील आणि ओठ खाली," ती म्हणाली. "आहे तिथेच काढा."

त्याने आहे तिथेच काढला.

"मी टॅक्सी थांबवतो. न्यायला वर येतो, तोवर बसून राहा," असं बजावून तो खाली उतरला.

रस्ता ओलांडून त्याने टॅक्सी थांबवली आणि वर पाहिलं. ती खिडकीत उभी होती. इथून लाली दिसत नव्हती, काजळ नाही, काही नाही. नुसती ती दिसत होती. सवयीने त्याने एक डोळा मिटला आणि पाहतच राहिला. दुरुस्त करावं असं काही सापडेना. तिने डावा हात वर केला.

"काका, निघायचं ना?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"हो, हो," म्हणत त्याने पुन्हा वर पाहिलं. खिडकी रिकामी होती. पडदा हलत होता, आणि समोरच्या जिन्यात एकेक पायरी मोजत उतरणारी चप्पल वाजत होती.